अनुबोधपट आणि तारपा

गेल्या वैशाखात, भर दुपारी, अंगणातल्या कोंबड्यांनीसुद्धा कुडाच्या सावलीला अंग चोरून घेतलेले असताना, मुंबईहून आलेली एक मोटार नगर हवेलीतल्या गलोंड्यात आमच्या पाड्याच्या तोंडाशी उभी राहिली आणि तिच्यातून तीन तरुण, दोन मोठ्या पेट्या आणि लांब दांडीला बांधलेला एक केसाळ मायक्रोफोन एवढा सरंजाम खाली उतरला. या भागातल्या मराठी शाळेवर मी उभी हयात घालवली आहे. वारली बोली मला समजते, आणि त्यामुळे बाहेरून येणाऱ्या प्रत्येक जिज्ञासूचे दुभाषेपण आपसूकच माझ्या गळ्यात पडते. मंडळींचा म्होरक्या नम्र होता, अभ्यासू दिसत होता, आणि घाईत होता. "गुरुजी," तो म्हणाला, "आम्ही इथल्या अंडरग्राउंड म्युझिकवर डॉक्युमेंटरी करतोय. तारपा शूट करायचाय. आज संध्याकाळीच, उजेड जायच्या आत."

एवढ्याशा बोलण्यात त्याने किती गोष्टी गृहीत धरल्या होत्या याची मोजदाद करण्यात माझा पावसाळा गेला. त्या मोजदादीची ही कैफियत.

‘अंडरग्राउंड’ला मराठीत ‘भूमिगत’ असा खणखणीत शब्द आहे, आणि आमच्या मुलखात त्या शब्दाला बंदुकीच्या दारूचा वास आहे. मराठ्यांच्या आरमाराने धरलेल्या ‘सांताना’ या फिरंगी जहाजाच्या भरपाईखातर पेशव्यांनी १७७९ च्या तहाने बारा हजार रुपये वसुलाचा मुलूख पोर्तुगीजांना लावून दिला, १७८३ मध्ये नगर हवेली परगण्याचा ताबा त्यांच्याकडे गेला, आणि तेव्हापासून जवळजवळ पावणेदोनशे वर्षे इथल्या माणसाला लिस्बनच्या हुकुमाने जगावे लागले. १९५४ च्या पावसाळ्यात हा अंमल उठवण्यासाठी जी मंडळी सरहद्दीवर जमली, त्यांत आझाद गोमंतक दलाचे लोक होते, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे लोक होते, आणि मोहिमेचे एक पुढारी राजाभाऊ वाकणकर यांच्या जोडीला मराठी भावगीताच्या क्षेत्रात तोवर पुष्कळ नाव कमावलेले एक संगीतकार होते. त्यांचे नाव सुधीर फडके. शस्त्रांसाठी पैसा हवा होता, तेव्हा फडक्यांनी लता मंगेशकरांना गळ घातली, लताबाईंनी बिदागीचा विषय न काढता होकार दिला, पुण्याच्या हिराबागेत कार्यक्रम झाला, आणि त्या गाण्याच्या उत्पन्नातून मोहिमेची तरतूद झाली. २ ऑगस्टला सेलवास मुक्त झाले. पुढे आठच महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’चा पहिला स्वर निघाला. त्या स्वराचा धनी काही महिन्यांमागे दमणगंगेच्या काठी चिखल तुडवत होता, हे ऐकणाऱ्या घराघरांतून कितीजणांना ठाऊक असेल!

म्हणजे आमच्याकडे खरोखर भूमिगत असे जे कार्य झाले त्याचा खर्च भागवला तो देशातल्या सर्वांत उघड, सर्वांत परिचित अशा कंठाने. आणि त्याच वेळी, ज्याला आज मुंबईचा तरुण ‘अंडरग्राउंड’ म्हणतो आहे तो तारपा, वारल्यांचे ते फुंकून वाजवायचे वाद्य, काय करत होता? श्रावणाचे आरंभीचे दिवस होते, भाताची लावणी नुकती उरकलेली होती. तेव्हा जुन्या रीतीप्रमाणे तो घराघरांतून भिंतीवर टांगलेला असणार, मुका. क्रांती झाली म्हणून तारपा वाजत नाही. तो भातासाठी वाजतो.

नेमके हेच त्या दुपारी बाबांनी सांगितले. बाबा म्हणजे आमच्या पाड्यावरचे तारपा वाजवणारे गृहस्थ. साठी उलटलेली, अंगाने काटक, बोलण्यात कंजूष. सेलवासकडच्या एका कारखान्यात ते रात्रपाळीचे रखवालदार आहेत आणि आम्ही गेलो तेव्हा निळा गणवेश अंगात तसाच ठेवून खाटेवर आडवे झाले होते. मी येण्याचे कारण सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, भिंतीकडे एकदा पाहिले, आणि भात नाही तर तारपा कशाला, असे स्वच्छ विचारले. पावसाच्या अखेरीस भात पोटरीला आले, दाणा धरू लागला, की तारपा खाली उतरतो. नव्या भाताचा मान देवाला मिळतो, रात्री जागतात, दिवाळी होते, आणि कापणी-झोडणीच्या रगाड्यात तो पुन्हा भिंतीवर जातो. वैशाखात तारपा मागणे म्हणजे आषाढात आंबा मागण्यासारखे आहे, असे मी त्या तरुणाला समजावले. तो हसला, वहीत काहीतरी टिपले, आणि म्हणाला, "हो, पण आमचं शेड्यूल पावसाळ्याआधी संपतं."

मी रागावलो नाही. त्याचे वेळापत्रक कोणी सावकाराने नव्हे तर अनुदान देणाऱ्या एखाद्या संस्थेच्या मुदतीने ठरवलेले असणार, आणि मुदतीपुढे शहाण्याचेही काही चालत नाही हे मी उभा जन्म शाळेच्या तपासणीत पाहिले आहे. माझा मुद्दा निराळाच आहे. या पोराने भाषेचा, भांडवलाचा, यंत्राचा विचार केला होता. महिन्याचा केला नव्हता. आणि ज्या संगीताला महिना आहे त्याच्यापुढे बाकी सर्व विचार दुय्यम ठरतात.

इथे एका जुन्या शब्दाची आठवण काढतो. आज ज्याला सर्रास ‘माहितीपट’ म्हणतात, त्याला फिल्म्स डिव्हिजनच्या आरंभीच्या काळात, म्हणजे १९४८ नंतरच्या पिढीत, ‘अनुबोधपट’ म्हणण्याची पद्धत होती. चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाच्या आधी तो दाखवला जाई आणि प्रेक्षक त्या वेळेत शेंगदाण्याची पुडी सोडत, त्यामुळे त्या शब्दाला उगाचच एक सरकारी कंटाळ्याची कळा चढली आणि तो मागे पडला. परंतु शब्द मोठा अर्थवाही आहे. माहिती म्हणजे जी मागितली की मिळते, खिडकीवर अर्ज केला की हातात पडते. अनुबोध म्हणजे मागून होणारा बोध, एखाद्या गोष्टीच्या पाठोपाठ चालत गेल्यावर, तिचा वेग आपल्या पायांत भिनल्यावर उमजणारा. शब्द घडवणाऱ्याच्या मनात हेच होते की नाही, हे मी ठामपणे म्हणत नाही. मला त्यातून हे ऐकू येते, आणि ज्याला गाणे-बजावणे कॅमेऱ्यात उतरवायचे आहे त्याने तरी पहिला शब्द सोडून दुसरा धरावा असे माझे स्पष्ट मत आहे.

तारप्याचा नाच ज्यांनी पाहिला असेल त्यांना ‘मागून जाणे’ म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. वाजवणारा मध्ये असतो. बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेभोवती हात घालून साखळी धरतात, साखळीच्या तोंडाशी काठीवाला असतो, आणि ही साखळी वाजवणाऱ्याभोवती फिरत राहते. तो वळला की ती वळते, त्याने चाल बदलली की पाय बदलतात, आणि तारप्याकडे पाठ कोणी करत नाही. वारली चित्रांतले ते सर्पिल वेटोळे, जे आता साड्यांवर, कपांवर आणि विमानतळांच्या भिंतींवर दिसते, ते हेच. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर आणि कापडावर आणले आणि जगभर नेले. चित्रात ते एका नजरेत सामावते, पण अंगणात त्याला रात्र लागते. चित्रकाराला जे एका नजरेत दाखवण्याची मुभा आहे, ती चलच्चित्र काढणाऱ्याला आहे का? त्याच्या तर हातात काळ आहे. काळच नको असेल तर त्याने कुंचला घ्यावा.

दुपार कलली तशी मध्यस्थी वाढली. पैशाचा आकडा पुढे आला, बाबांच्या सुनेने मधल्या मुलाच्या शाळेच्या फीची आठवण दिली, आणि शेवटी बाबा उठले. तारपा भिंतीवरून उतरला. वाळलेल्या दुध्या भोपळ्याचा फुगीर तुंबा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, त्यांना बोटांची भोके, आणि पुढे ताडाच्या पानांचे वळत वळत रुंद होत गेलेले तोंड. सगळे सांधे मेणाने लिंपलेले. बाबांनी अंगठ्याने मेण दाबून पाहिले आणि कपाळाला आठी घातली. उन्हाने ते मऊ पडले होते. एका सांध्यातून वारा सुटत होता, आणि तो वारा ज्या बारीक शिळेने बाहेर पडत होता ती त्यांना ऐकू येत होती, मला ऐकू येत होती, पण कानांवर मोठी यंत्रे चढवून बसलेल्या ध्वनिमुद्रकाला, तो मूळचा स्वर कधी ऐकलेलाच नसल्यामुळे, त्या वाद्याचा गुणच वाटत होती. त्याने अंगठा उंचावून पसंती दिली.

मग गणवेशाचा प्रश्न निघाला. निळा सदरा आणि त्यावरचा कंपनीचा बिल्ला चित्रात चालेना. कमरेला पंचा, डोक्याला फडके, आणि मागे मोकळे रान, असा देखावा त्यांच्या मनात ठरून आला होता. बाबांनी बिनतक्रार सदरा उतरवून खाटेवर ठेवला. मला त्या क्षणी वाटले, आणि अजून वाटते, की त्या पोरांनी ज्याच्यासाठी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर प्रवास केला होता ते त्यांनी नुकतेच खाटेवर ठेवायला लावले. कारण या संगीताचे आजचे भूमिगतपण जर कशात असेल तर ते त्या सदऱ्यात आहे. रात्रभर फाटकाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मालमोटारींचे क्रमांक वहीत उतरवणारा माणूस भाद्रपदात रजेचा अर्ज करतो, रजा नामंजूर झाली तर पगार कापून घेतो, आणि पाड्यावर येऊन तारपा काढतो. कारखान्याच्या वहीत त्या रात्री त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ अशी नोंद होते. ही नोंद दाखवणारा अनुबोधपट मला पाहायचा आहे. पंचा नेसलेला वारली मी चहाच्या कपावर पाहतोच.

ही खोड नवी नाही आणि आपलीच आहे असेही नाही. अनुबोधपटाच्या इतिहासात ज्याला आद्यपुरुषाचा मान देतात त्या रॉबर्ट फ्लाहर्टीने १९२२ मध्ये उत्तर ध्रुवाकडल्या माणसांवर ‘नानूक’ काढला, तेव्हा बर्फाच्या घरात उजेड पुरेना म्हणून त्याने मोठे घर बांधवून त्याची एक बाजू उघडी ठेवली आणि त्या उघड्यावर कुटुंबाला झोपल्याचे सोंग करायला लावले. त्यांच्या हाती बंदुका आल्या होत्या तरी शिकार भाल्यानेच करवली. चित्र अप्रतिम आहे. परंतु घराची भिंत काढून घरातले जीवन दाखवता येते हा जो समज त्याने रुजवला, त्याचे पीक अजून निघते आहे. आमच्याकडे कणसरीच्या कथा भगत घांगळीवर गातो. दोन तुंब्यांचे ते तंतुवाद्य, घरात, जवळजवळ अंधारात, ऐकणाऱ्यांच्या अंगाला अंग लागलेले. धान्याच्या देवीला उजेडाची गरज नसते, कॅमेऱ्याला असते. मग घांगळी अंगणात येते, भगताच्या चेहऱ्यावर दिवा पडतो, आणि ऐकणारे दहा हात मागे सरकवले जातात, कारण ते चित्राच्या चौकटीत येतात. गाणे तेच राहते, शब्द न् शब्द. फक्त ते कोणाला सांगितले जात होते, ते माणूस निघून गेले.

आता दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण घेतो, आणि त्यावर थोडा रेंगाळतो, कारण मराठीच्या मुलखात भूमिगत गाण्यावर झालेले त्याच्या तोडीचे दुसरे चित्र मला माहीत नाही. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या १९८५ च्या चित्रात विलास घोगरे नावाचे शाहीर गातात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर गोळीबार होऊन दहा माणसे मेली; चार दिवसांनी घोगरे यांनी गळफास घेतला. पटवर्धनांनी तिथून कॅमेरा हाती घेतला आणि तो खाली ठेवायला त्यांना चौदा वर्षे लागली. ‘जय भीम कॉम्रेड’ तीन तासांहून लांब आहे, आणि जानेवारी २०१२ मध्ये मुंबईत ते प्रथम दाखवले गेले ते भायखळ्याच्या बी. आय. टी. चाळीत, ज्यांची गाणी त्यांच्यासमोर.

चौदा वर्षे कशाला लागतात, असे कोणी विचारील. गाणी तर चौदा दिवसांत मिळाली असती. पण त्या चित्रात खटला चालतो, रखडतो, पुढारी पक्ष बदलतात, पोरांच्या मिशा येतात, जलसे होतात, निवडणुका येतात आणि जातात. आणि या साऱ्या लांबणीमुळेच पाहणाऱ्याला कळते की हे लोक हौसेखातर गात नाहीत, दुसरे दार मिळाले नाही म्हणून गातात. चित्राच्या उत्तरार्धात पुण्याच्या कबीर कला मंचाची तरुण मुले येतात. गुजरातच्या दंगलींनंतर २००२ मध्ये उभा राहिलेला हा मंच. चित्र पुरे होईतो त्यांतले काहीजण अटकेच्या भयाने खरोखरच भूमिगत झाले होते. म्हणजे ज्या चित्राचा विषय गाणे, त्याच्या शेवटी गाणारे गायब. मंचाचे शीतल साठे आणि सचिन माळी २ एप्रिल २०१३ रोजी मुंबईत विधान भवनासमोर स्वतःहून हजर झाले तोवर ते चित्र हजारोंनी पाहिलेले होते, आणि आरोपपत्रातली नावे वाचण्याआधी पुष्कळांनी ती गळ्याने ओळखली होती.

यात एक पेच आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जो लपून गातो त्याचा चेहरा दाखवणे म्हणजे त्याला रुजू करणे. कॅमेऱ्याची फीत ही चाहत्यासाठी आठवण असते आणि चौकीसाठी पुरावा. पाठोपाठ चौदा वर्षे चालत गेलेल्या माणसाला हा पेच निदान समजतो, कोणता चेहरा कधी दाखवावा याचा विवेक त्याच्या अंगी येतो, आणि काही विपरीत झाले तर तो साक्षीला उभा राहतो. एका संध्याकाळच्या पाहुण्याजवळ यांतले काहीच नसते. दिरंगाई ही इथे नीती ठरते, असे मी म्हणेन. कचेरीत तिला दोष देण्यात माझे आयुष्य गेले असले तरी.

मुंबईच्या पोरांचे अंडरग्राउंड आणखी निराळे. कुर्ल्याच्या गल्लीतला नेझी, ज्याने ‘आफत’ हे गाणे हातातल्या आयपॅडवर चित्रित करून जगापुढे फेकले, त्याच्यावर दिशा रिंदानी यांनी ‘बॉम्बे ७०’ हा छोटा अनुबोधपट केला. सत्तर हा कुर्ल्याच्या टपालाचा क्रमांक. तिथे उजेडाने काही बिघडत नाही. ते गाणे उजेडाची वाटच पाहत असते. जमिनीखाली असते ते बी असते तसे. आमच्या मोटारीतल्या तरुणाने, मला वाटते, हा नमुना डोळ्यांपुढे ठेवून तारप्याचा विचार केला होता, आणि चूक तिथेच झाली. कारण तारपा वर यायला धडपडत नाही. तो लपलेलाही नाही. रात्रभर वाजतो, तीन पाड्यांवर ऐकू जातो. जमिनीखाली असेल तर ऐकणाऱ्याचा कान असेल.

याच मुद्द्यावर मुंबईतल्या आरेच्या जंगलाचे उदाहरण मला उमेद देते. तिथली झाडे तुटण्याचा वाद पेटला त्या काळात ‘स्वदेशी’ या रॅप करणाऱ्या मुंबईच्या मंडळाने तिथल्याच केलटीपाड्याच्या प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले. शीर्षकातच १९४५ चा उठाव आहे; तलासरी-डहाणूच्या जंगलात वेठबिगारीविरुद्ध वारली उभा राहिला आणि गोदावरी परुळेकरांनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये ज्याची हकीगत लिहिली, तो. अशा जोडगाण्यांनी तारप्याची शुद्धता बिघडते असे म्हणणारे पंडित आहेत. मी त्यांच्यातला नाही. भोईर तिथे देखाव्यासाठी आणलेले नाहीत, ते आपल्या झाडांविषयी बोलायला आले आहेत. जो बोलायला आला आहे त्याच्यापुढे भोंगा धरा की मायक्रोफोन, हरकत नाही.

माझ्या सगळ्या बोलण्यावर एक आक्षेप मात्र असा आहे की तो मी रात्री अंथरुणावर पडल्यावर स्वतःलाच घेतो. ऋतू पाहत बसलात आणि बाबा त्या आधीच गेले तर? वैशाखात का होईना, मेण वितळलेले का असेना, तारपा मुद्रित झाला हे बरे नव्हे काय? हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. पिठाच्या गिरण्या गावोगाव आल्या होत्या, पहाटेचे जाते थांबत चालले होते, आणि पहाटेच्या अंधारात, सासू जागी होण्याआधी, दोघी बायका एकमेकींना जे सांगत ते बाहेरच्या माणसासमोर, कधी दिवसाउजेडी, पुन्हा म्हणवून घ्यावे लागले. माझा नियम कडकपणे लावला असता तर यांतल्या कितीतरी ओव्या आज कोणाच्याच कानी पडल्या नसत्या. हा आक्षेप मला मान्य आहे. तेव्हा मी माझा नियम मवाळ करतो, पण सोडत नाही. त्या संग्रहात ओवीबरोबर ती म्हणणाऱ्या बाईचे नाव आहे, गाव आहे. अवेळी वाजवून घेणे हा गुन्हा नव्हे. अवेळी वाजवून घेतले हे दडवणे हा गुन्हा. ‘हा तारपा वैशाखात, पैसे देऊन, नाही म्हटल्यावर वाजवला, मेण मऊ होते, वाजवणारे रात्रपाळीहून आले होते’ एवढी एक ओळ चित्राखाली असती तर मी हा लेख लिहिला नसता.

ते चित्र मी नंतर पाहिले. माझ्या नातवाने मोबाइलवर लावून दिले. सहा मिनिटांचे आहे. बाबा एकूण चाळीस सेकंद दिसतात. त्यांच्या मागे जो नाच चालतो तो दुसरीकडचा, कोणत्या तरी शाळेच्या संमेलनातला, एकसारख्या साड्या नेसलेल्या मुलींचा. त्यांची साखळी कॅमेऱ्याकडे तोंड करून सरळ रेषेत उभी आहे. तारप्याकडे सर्वांची पाठ.

आणि त्या चाळीस सेकंदांत आणखी एक गोष्ट मला खटकली, ती कलेच्या जाणकारांसाठी नोंदवतो. तारपा वाजवणारा श्वासासाठी थांबत नाही. गालांत वारा साठवून तो तुंब्यात सोडत असतानाच नाकाने नवा श्वास घेतो, त्यामुळे स्वराची दोरी तुटत नाही, आणि ती तुटत नाही म्हणूनच नाचणाऱ्यांचे पाय रात्रभर चालतात. संकलकाची कात्री विराम शोधत असते. गवयाचा श्वास, तबल्याची सम, ओळीचा शेवट. इथे विराम नाही. कापणाऱ्याने शेवटी जिथे सोयीचे वाटले तिथे कापले, आणि स्वर असा तुटला की शेजारी बसलेल्या माझ्या सुनेने, तिला यातले काही गम्य नसताना, मान वर करून विचारले, "काय झालं, बंद पडला का?" जे वाद्य कात्रीला जागाच देत नाही त्याच्याकडून चित्र घेणाऱ्याने निदान एवढे तरी शिकावे की एक अखंड तास लावून धरावा. पडद्यावर तास मोठा वाटेल. वाटू द्यावा.

आमच्या या चारशे एक्याण्णव चौरस किलोमीटरांच्या मुलखाने दप्तर काही थोडके निर्माण केलेले नाही. तहनामे आहेत, ताब्याच्या सनदा आहेत. १९६० मध्ये तर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने इथे येण्या-जाण्याच्या वाटांवर पोर्तुगाल आणि हिंदुस्थान यांचा निवाडा केला, आणि दमणपासून दादरापर्यंतची एकेक वाट न्यायमूर्तींच्या मेजावर गेली. तारपा महसूल देत नाही, म्हणून जमाबंदीत त्याला रकाना नव्हता. आता पर्यटनाच्या पत्रकांत त्याचे नाव आले आहे, उत्सवाच्या कमानीवर त्याचे चित्र आले आहे; वाजवणाऱ्याचे नाव अजून आलेले नाही. पर्यटन खात्याला मी दोष देत नाही, खाते आपले काम करते. पण अनुबोधपट काढणाऱ्यानेही कमानच रंगवायची असेल तर त्याला मोटार कशाला हवी?

यंदा पाऊस वेळेवर आहे. आणखी महिन्या-दीड महिन्यात भात दाणा धरील, बाबा रजेचा अर्ज टाकतील, आणि तो नामंजूर होईल. ज्यांना यायचे असेल त्यांनी तेव्हा यावे, दोन रात्री राहण्याच्या बेताने यावे, पहिल्या रात्री पेट्या उघडू नयेत. आणि ज्या वाचकांच्या कपाटात, जुन्या ध्वनिफितींत किंवा मोबाइलच्या पोटात, कोण्या पाड्यावरचा तारपा, कोण्या आजीची ओवी, कोण्या चाळीतला जलसा पडून असेल, त्यांनी आज सवड काढून एवढे करावे: वाजवणाऱ्याचे नाव, पाड्याचे नाव आणि महिना लिहून ठेवावा, आणि एक प्रत ज्याची त्याला पाठवावी. बाबांना त्यांचे चाळीस सेकंद कोणी पाठवले नाहीत, मीच दाखवले. त्यांनी दोनदा पाहिले, आणि तारपा कानाशी धरून सांधा कुठे सुटला होता ते मला बोटाने दाखवले.